गाडी कशी आहे?

गेल्या दिवाळीत मावसभावाचा फोन आला. "गाडी विकायची म्हणतीया मावशी. कशी हाय गाडी?"

हा प्रश्न मला नवा नाही. ऑफिसात दर दोन महिन्यांनी कुणीतरी गाडी घेत असतं आणि मी मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलेला असल्यामुळे सल्ल्यासाठी माझ्याकडे येतं. उत्तराचा साचाही ठरलेला आहे. आधी सोय, मग आराम, मग कामगिरी आणि शेवटी दहापैकी गुण. त्याच साच्यात मी सांगितलं, "एक नंबर आहे. अ‍ॅव्हरेज वीसच्या खाली येत नाही. चार माणसं बसवून, एसी लावून खंबाटकी चढते. पिकअप तर विचारू नकोस."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर वाटलं, आपण थाप मारली. प्रत्येक विधान खरं असताना एकूण उत्तर खोटं कसं असू शकतं, याचा शोध घेण्यासाठी हा लेख.

सोय

गाडी २०१३ची, डिझेलवर चालणारी छोटी हॅचबॅक. मॉडेलचं नाव सांगून फारसा फरक पडणार नाही, कारण त्या काळात अशा बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन असायचं. फियाटने युरोपात २००३ साली आणलेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या व्हिस्टामध्ये होतं आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटोमध्येही होतं. ताकद साधारण ७५ हॉर्सपॉवर आणि टॉर्क १९० न्यूटन-मीटरच्या आसपास. टनभराच्या गाडीला तेवढं भरपूर होतं.

बाबांचं कराडला खतं-बियाण्यांचं दुकान होतं. गावोगाव फिरणं धरून आठवड्याला चारशे किलोमीटर व्हायचे. डिझेल मॉडेल पेट्रोलपेक्षा लाखभराने महाग, म्हणून त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे हिशेब मांडला. पेट्रोल ७५ रुपये आणि पंधराचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे किलोमीटरला पाच रुपये. डिझेल ५५ रुपये आणि वीसचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे पावणेतीन रुपये. किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचतात, वर्षाला वीस हजार किलोमीटर होतात, म्हणजे सव्वादोन वर्षांत लाख रुपये वसूल. पुढे सगळा फायदा. हिशेब चोख होता आणि पुढे तो खराही ठरला.

पण त्या पत्रिकेवर एक आकडा नव्हता. डिझेल इतकं स्वस्त का होतं? २०१२मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या दरांतला फरक लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांपर्यंत गेला होता. एसटी, मालट्रक आणि ट्रॅक्टर यांच्यासाठी सरकारने डिझेलचा भाव दाबून धरला होता आणि तेल कंपन्यांचा तोटा बऱ्याच अंशी सरकारी तिजोरीतून भरून निघत होता. जानेवारी २०१३पासून डिझेल दरमहा सुमारे पन्नास पैशांनी वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४मध्ये ते बाजारभावावर सोडलं. म्हणजे गाडी घेतल्यानंतरचं पहिलं दीड वर्ष आमच्या हॅचबॅकच्या टाकीत एसटीच्या प्रवाशाच्या नावाने आलेला पैसा थोडाफार जात होता.

बाबांनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. पंपावर जो भाव होता तो त्यांनी दिला. मला फक्त एवढंच दिसतं, की "परवडते" या शब्दात नेहमी एक कर्ता लपलेला असतो. ती आम्हाला परवडत होती. इतर कुणाला किती पडत होती, ही ओळ पत्रिकेच्या पाठीमागे मावली नाही.

आराम

"गाडी एकदम कम्फर्टेबल आहे," हे बाबांचं मत. चालवायला ते, शेजारी मी. सात वर्षं आमच्या घरी हेच मत ग्राह्य होतं.

फोननंतर दोन दिवसांनी मी आईला सहज विचारलं, "आई, तुला आपली गाडी कशी वाटते?" ती फराळाचे डबे भरत होती. आधी तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "मला कशाला विचारतोस? मी कुठे चालवते?"

पुन्हा विचारल्यावर मात्र तिने सांगितलं. मागच्या सीटवर मधे बसायचं तर पायांखाली उंचवटा येतो, मग पाय दोन बाजूंना टाकावे लागतात. ती शिडशिडीत असल्यामुळे "तू बस मधे" हे ठरलेलंच. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला आजी. मागची खिडकी उंचावर, काच छोटी, समोर दोन सीटच्या पाठी. बाहेरचं काही दिसत नाही आणि मळमळतं. म्हणून गाडीत बसायच्या आधी अर्धा तास गोळी घ्यायची. आणि गोळी घेतली की झोप येते.

"म्हणजे कोकणात आपण तीनदा गेलो, त्यातला घाट तू..."

"मी पाहिलाच नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचा ना छान होता म्हणून."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हे जास्त लागलं. गाडीचं परीक्षण करणारा माणूस बहुतेक वेळा स्टिअरिंगवर बसतो. मागे बसला तरी दोन मिनिटं, उभ्या गाडीत, गुडघ्यांपुढे किती बोटं जागा उरते ते बघायला. एकाच गाडीत एकाच वेळी पाच वेगवेगळे प्रवास चाललेले असतात आणि त्यांतला एकच "गाडीचा आराम" म्हणून नोंदला जातो.

कामगिरी

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

बाबांनी दुकान बंद केल्यावर २०२१मध्ये गाडी पुण्याला माझ्याकडे आली. बाणेरहून हिंजवडी, जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, गाडीत मी एकटा. डिझेल इंजिनाला अशा छोट्या फेऱ्या मानवत नाहीत. ते नीट तापायच्या आत बंद होतं आणि आत काजळी साठते. काही महिन्यांत चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने पाहून सांगितलं, "ईजीआर चोक झालाय."

ईजीआर हा एक व्हॉल्व्ह असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी थोडे तो पुन्हा सिलिंडरमध्ये पाठवतो. त्यामुळे आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. हे वायू फुप्फुसांना त्रास देतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. ईजीआरची किंमत म्हणजे थोडी जास्त काजळी आणि किंचित मंदावलेलं इंजिन. चालवणाऱ्याच्या दृष्टीने या व्हॉल्व्हचा काहीही उपयोग नाही. तो पूर्णपणे गाडीबाहेरच्या माणसांसाठी बसवलेला असतो.

गॅरेजवाला म्हणाला, "साफ करून देतो, पण वर्षभरात परत हेच. व्हॉल्व्ह बदलायचा तर खर्च आहे. नाहीतर बंदच करून टाकू. पत्र्याची चकती घालायची आणि सॉफ्टवेअरमधून ईजीआर झोपवायचा. दिवा लागणार नाही, पिकअप वाढेल, धूरही कमी होईल. पीयूसी तर झोकात पास."

चारही गोष्टी खऱ्या होत्या. पीयूसीमध्ये डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. काजळी कमी झाल्यामुळे माझी गाडी त्या परीक्षेत आधीपेक्षा चांगले गुण मिळवणार होती, आणि हवा मात्र आधीपेक्षा जास्त बिघडवणार होती. मी पाच मिनिटांत हो म्हणालो. खरं सांगायचं तर लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधली फाइल बदलताना पाहायला मजाही आली. माझाच धंदा तो.

त्यानंतर गाडी खरंच छान पळायला लागली. या इंजिनाची जुनी खोड अशी, की सुमारे दोन हजार आरपीएमपर्यंत टर्बो झोपलेला असतो आणि मग एकदम कुणीतरी पाठीत ढकलावं तशी गाडी पुढे जाते. ते ढकलणं आता आणखी सुखाचं झालं.

एके दिवशी सिग्नलला माझ्या शेजारी एक टेम्पो काळा धूर ओकत होता. आरशात पाहिलं तर मागे स्कूटरवर एक माणूस आणि त्याच्यापुढे उभी असलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. तिने टेम्पोकडे बघत फ्रॉकचा कोपरा नाकाला लावला होता. माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता: आपल्या गाडीचा धूर दिसत नाही, बरं आहे.

परीक्षेपुरती चांगली

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस बजावली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. त्यांच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची हालचाल, वेग, चाचणीचा कालावधी, हवेचा दाब यांवरून ओळखायचं, की आपली परीक्षा चालू आहे. मग गाडी शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणा ढिल्या पडायच्या आणि नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जायचे. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या. हे सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या. त्यांनी मोजणीचं यंत्र गाडीतच ठेवून ती खऱ्या रस्त्यावर चालवली. पुढे २०१७मध्ये त्या कंपनीतल्या एका अभियंत्याला अमेरिकेतल्या न्यायालयाने चाळीस महिन्यांची शिक्षा सुनावली.

हॉस्टेलमध्ये आम्ही यावर रात्र-रात्र वाद घातले होते. "त्याने नोकरी सोडायला हवी होती," असं मी छातीठोकपणे म्हटल्याचं आठवतं. त्या घोटाळ्याच्या मुळाशी काय होतं? गाडी जोरात पळावी, इंधन कमी खावं, काही मॉडेलांत युरियाच्या द्रावणाची टाकी ग्राहकाला सारखी भरावी लागू नये. कामगिरी, काटकसर, सोय. गिऱ्हाईक जे निकष लावून गाडी जोखतं, त्यांच्यासाठीच बाहेरच्या माणसाला हिशेबातून वगळलं होतं.

आणि सहा वर्षांनी मी स्वतः पाच मिनिटांत तेच केलं. त्यांच्या सॉफ्टवेअरला परीक्षा ओळखावी तरी लागत होती. माझ्या बाबतीत परीक्षाच असं काही विचारत नव्हती.

"चांगली" म्हणजे काय

अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात घोड्याचं उदाहरण येतं. चांगला घोडा कोणता, तर जो नीट धावतो, स्वाराला नीट वाहून नेतो आणि शत्रू अंगावर आला तरी जागचा हलत नाही. हे जवळजवळ गाडीचं परीक्षणच आहे. वस्तूचं काम ठरवा आणि ते ती किती छान करते ते पाहा, ही विचाराची रीत अजूनही आपल्याला पुरते. पण त्या वर्णनात घोड्याच्या टापांनी उडणारी धूळ नाही, आणि ती ज्याच्या तोंडात जाते तो पायी चालणाराही नाही. "चांगला" हा शब्द स्वाराच्या बाजूने उच्चारलेला आहे.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ साली न्यायावरच्या आपल्या ग्रंथात एक प्रयोग सुचवला. समाजाचे नियम ठरवायला बसा, पण त्या समाजात आपण कोण असू हे माहीत नाही असं धरून. अज्ञानाच्या पडद्याआड. त्याचा विषय गाड्या नव्हता, पण मला वाटतं गाडीचं परीक्षण तिथे बसून करून पाहावं. गाडी चांगली की वाईट ते सांगा, पण तुम्हाला कुठली जागा मिळेल ते आधी कळणार नाही. स्टिअरिंग मिळेल, मागची मधली सीट मिळेल, किंवा मागच्या स्कूटरवर पुढे उभं राहावं लागेल. अशा परीक्षकाने ईजीआर बंद करायला पाच मिनिटांत हो म्हटलं असतं का?

यावर माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणतो: सोपं आहे, आणखी दोन रकाने वाढव. ऑफिसात आम्ही असंच करतो. प्रत्येक निकषाला गुण, प्रत्येक गुणाला वेटेज, खाली बेरीज. पण गोची वेटेजमध्येच आहे. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी इंधनात तेवढंच अंतर कापतं, त्यामुळे किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड सहसा कमी सोडतं. म्हणजे पन्नास वर्षांनी किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसासाठी ते थोडं बरं. दुसरीकडे, बीएस-४च्या नियमांत डिझेल गाडीला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती आणि पेट्रोल गाडीला ०.०८ ग्रॅमची. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे आज मागे उभ्या असलेल्या मुलीसाठी ते वाईट. दोघंही गाडीबाहेरचे. कुणाला किती वजन द्यायचं हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. यंत्र ग्रॅम मोजतं. ग्रॅमची किंमत माणसाला ठरवावी लागते, आणि दहापैकी साडेआठ असं म्हणताना आपण ती गुपचूप ठरवून मोकळे होतो.

म्हणून मी स्वतःसाठी एक साधी कसोटी घेतली आहे. मागच्या स्कूटरवाल्याने काच ठोठावून विचारलं, "हे तू माझ्या पोरीच्या नाकात का सोडतोयस?" तर माझ्याकडे त्याला तोंडावर सांगता येईल असं काही कारण आहे का? "पिकअप छान मिळतो" हे मला सांगता येणार नाही. "एकटा आहे, पण बसने जायला कंटाळा येतो" हेही नाही.

पुन्हा फोन

आठवड्याने मी मावसभावाला फोन केला. तेव्हा कळलं, त्याला गाडी कशासाठी हवी आहे. आप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीनदा कराड, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. येताना त्यांच्यात एसटीत उभं राहायचं बळ नसतं आणि भाड्याच्या जीपने महिन्याचं गणित कोलमडतं. आमच्या गाडीने आठवड्याला साडेदहा लिटर डिझेल, म्हणजे हजाराच्या आत-बाहेर.

मी गप्प झालो. आठवडाभर मी मनात या गाडीविरुद्ध खटला चालवत होतो. आता तीच गाडी, तेच इंजिन, तेवढाच धूर, पण काच ठोठावणाऱ्याला देण्यासारखं उत्तर आत बसलेलं होतं. मला वाटतं, तो स्कूटरवाला ते ऐकून पुढे गेला असता. म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या गोष्टीला गुण देत होतो. गाडीला स्वतःची अशी चांगुलपणाची ठरीव रक्कम नसते. प्रत्येक फेरीला ती नव्याने मिळवावी किंवा गमवावी लागते.

पण गरज खरी असली तरी तिने सगळं माफ होत नाही. आप्पांना दवाखान्यात पोचवायला डिझेल जाळावं लागेल. ईजीआर बंद ठेवावा लागणार नाही. मी त्याला सगळं सांगितलं. चकती, सॉफ्टवेअर, पीयूसी. व्हॉल्व्ह नवा घालून आणि मूळ फाइल परत टाकून मगच गाडी देईन, चौदा हजार खर्च आहे आणि तो माझा, हेही.

"मग पिकअप कमी हुणार?"

"थोडा."

"आप्पांना काय रेस लावायचीया?" तो हसला. मग म्हणाला, "पर दिसत न्हाई, पीयूसीत गावत न्हाई, तर चौदा हजार कशाला घालतूस?"

याचं चांगलं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. "मला घालायचेत," एवढंच म्हणालो. गाडी माझ्याकडे होती त्या काळात ती २२,००० किलोमीटर चालली. नियमाच्या मुभेनेच धरलं तरी ते साडेपाच किलो नायट्रोजन ऑक्साइड होतात. व्हॉल्व्ह बंद असताना प्रत्यक्षात किती झाले ते कुणी मोजलं नाही आणि आता मोजता येणार नाही. चौदा हजारांनी ते परत येत नाहीत. पुढचे तेवढे कमी होतील.

"आनि बसायला कशी हाय? आई बी संगं असतीया," त्याने विचारलं.

उत्तर तोंडावर आलं होतं: एक नंबर. मी फोन आईकडे दिला.

ती खुर्ची ओढून बसली आणि वीस मिनिटं बोलली. आप्पांना पुढे बसव आणि सीट पूर्ण मागे घे. त्यांच्या मागे कुणी बसू नका, पाय आखडतात. दार खाली आहे, बसताना डोकं वाकवावं लागतं. डायलिसिसनंतर माणसाला भोवळ येते, तेव्हा आधी त्यांना बसव आणि मग तू फिरून ये. ताईला मधे बसवू नकोस, उजवीकडच्या खिडकीशी बसव, काच थोडी खाली ठेव. वळणावर जोरात घेऊ नकोस. पुढे कळत नाही, मागे पोटात ढवळतं. उशी ने एक.

गाडीबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी आजवर कुठे वाचलं नव्हतं. तिने फोन परत दिला तेव्हा मावसभाऊ म्हणत होता, "थांब, लिवून घेतो."